डावे मनगट

माणसाच्या शरीरात तीनशे साठ हाडे असतात आणि त्यांपैकी एकही खोटे बोलत नाही. हे वचन आमच्या ठाण्यातील भिकोबा हाडवैद्याचे. तो ते इतक्या गंभीरपणे उच्चारी, की ऐकणाऱ्याने नकळत ताठ बसावे. सरकारी इस्पितळातले डॉक्टर हाडे दोनशे सहाच असल्याचे सांगतात, ही गोष्ट मी एकदा त्याच्या कानावर घातली. त्याने थोडा विचार केला.

"ते मेलेल्या माणसांवर शिकतात, अण्णा," तो म्हणाला. "मेल्यावर काही जात असतील."

मी कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून बदलून ठाण्यास आलो, तेव्हा आगगाडी येथे येऊन वीसेक वर्षे झाली होती आणि मला पस्तिसावे लागले होते. मासुंदा तळ्यामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बैलगाडीतून पेटारा उतरवून घेत होतो, इतक्यात शेजारच्या ओटीवरून एक चाळिशी उलटलेला, काटक, उघडाबंब माणूस खाली उतरला. मी नमस्काराला हात जोडण्याच्या आत त्याने माझे डावे मनगट धरले, डोळे मिटले आणि करंगळीच्या अंगाचे हाड अंगठ्याने खालून वर चाचपले. मग हात सोडून म्हणाला, "सरळ आहे. या, पाणी घ्या."

माझे गोत्र, पगार आणि आधीच्या गावी काय भानगड झाली म्हणून बदली झाली, यांपैकी काहीही न विचारता मला पाणी देणारा ठाण्यातला तो पहिला गृहस्थ.

पुढे कळले की हा मान माझा एकट्याचा नव्हता. गावात कोणीही नवा माणूस आला की भिकोबा त्याचे डावे मनगट धरीच. "नमस्काराने माणूस कळत नाही, मनगटाने कळतो," असे त्याचे त्यावर स्पष्टीकरण असे. एक नवे मामलेदार रुजू झाले, त्यांचेही धरले. त्यांना वाटले, वैद्य आहे, नाडी पाहतो आहे. म्हणून त्यांनी आपण होऊन जीभही बाहेर काढली. "जीभ आत घ्या, रावसाहेब," भिकोबा म्हणाला, "तिथे हाड नसतं." मामलेदारांच्या जिभेची कीर्ती त्यांच्या आधीच ठाण्यात पोचलेली असल्यामुळे कचेरीतले निम्मे लोक खोकण्याच्या निमित्ताने बाहेर गेले. दुसऱ्या एका वेळी गावातल्याच चरई आळीत एका लग्नात त्याने नवरदेवाच्या मामाचे मनगट धरले. त्यावरून वधूपक्षात कुजबुज झाली, की मुलाच्या आजोळी हाडांत काही दोष आहे. मुहूर्त टळण्याची वेळ आली. शेवटी भिकोबाला मांडवात उभे करून "मामांचे हाड चोख आहे" असे सर्वांसमक्ष म्हणवून घ्यावे लागले. मामा पुढे कित्येक वर्षे ते वाक्य स्वतःच सांगत असत.

भिकोबाची विद्या बापाकडून आलेली. शिकवण्याची रीत अशी, की नवे मडके गोणपाटाच्या पोत्यात घालायचे, पोत्याचे तोंड शिवायचे आणि वरून एक काठी हाणायची. मग शिष्याने पोते न उघडता, बाहेरून नुसत्या बोटांनी खापरीला खापरी लावून आतल्या आत मडके उभे करायचे. ज्या दिवशी मडके उभे राहील त्या दिवशी माणसाला हात लावायची परवानगी. भिकोबा पन्नाशीतही दर सोमवारी एक मडके फोडी, हाताची सवय जाऊ नये म्हणून. त्याच्या बायकोचे म्हणणे एवढेच होते, की फोडण्याआधी तिला त्या मडक्याने पाणी तरी भरून घेऊ द्यावे. काम जमले की तो "बसलं" म्हणे. न जमलेल्या कोणत्याही गोष्टीला, मग ती हाड असो, पाऊस असो की माझी तुंबलेली बढती, त्याचा एकच शब्द ठरलेला होता. "बसेल."

या माणसाला दुसरा एक नाद होता. महिन्यातून एका रविवारी तो इतर हाडवैद्यांची कामे पाहायला जाई आणि कचेरीला सुटी असल्याने मला बरोबर नेई. "दुसऱ्याची विद्या कुठे चुकते ते बघून ठेवावं," असे तो म्हणे. मला वाटे, हा खरा अभ्यासू. आमच्या कचेरीत तीस तीस वर्षे नोकरी केलेली माणसे शेजारच्या मेजावर काय चालते ते बघत नसत.

कल्याणला तालमीत एक वस्ताद होते. ते कुस्तीगिरांचे सांधे बसवता बसवता हाडवैद्य झाले होते. त्यांची सगळी मदार झटक्यावर. रोग्याला समोर बसवून प्रेमाने विचारीत, "लग्न कधी झालं रे तुझं?" आणि तो आठवू लागला की खांदा ओढीत. रोगी लग्नाची तारीख सांगण्याऐवजी आईचे नाव घेई. भिकोबा परत येताना म्हणे, "त्याचे रोगी सगळे पैलवान. पैलवान दुखलं तरी सांगत नाही. म्हणून याची विद्या चांगली."

माजिवड्याला मोनीमाय होती. किरिस्तावांच्या घरातली, जाडजूड, कानात सोन्याच्या कुड्या घातलेली बाई. तिचा बाप ताडावर चढून ताडी काढणारा. ताडावरून पडलेल्यांची हाडे बसवणे हा त्या घराचा जोडधंदाच होता. ती ओढत नसे, दाबत नसे. खोबरेल गरम करून तासभर नुसती चोळी, मग अंड्याचा बलक काढून पांढऱ्यात उडदाचे पीठ कालवी, त्याचा लेप देई आणि रोग्याला ओटीवर निजवून शेजारी माळ जपत बसे. "हाड आपसूक जुलतं," ती म्हणे, "मानसाला गप बसवायचं काम मोठं." यावर भिकोबाचे मत, "अर्धं काम ती देवावर टाकते. देवाला मान द्यावा, पण हाताखाली घेऊ नये."

इस्पितळातले डॉक्टर रोग्याला औषध हुंगवून बेशुद्ध करीत आणि पांढऱ्या चुन्यासारख्या गाऱ्यात हात लिंपून टाकीत, त्याबद्दल तो फार बोलत नसे. "ते गवंडीकाम आहे," एवढेच म्हणे.

या फिरण्यातून मला एक गोष्ट दिसली. जुने जुळलेले हाड नुसते चाचपून ते कोणी बसवले हे भिकोबा ओळखी. "हे कल्याणचं, घाईत बसवलंय." "हे माजिवड्याचं, बाईनं वेळ दिलाय." आम्ही कारकून जसे कागद पाहून हे कोणाचे अक्षर ते सांगतो, तसे.

दुसरी गोष्ट दिसायला मला पुष्कळ वर्षे लागली. मी आलो तेव्हा भिकोबा पस्तिशीतल्या पुरुषांची मनगटे धरीत असे. नंतर चाळिशीतल्यांची धरू लागला. कचेरीत विशी-पंचविशीचे नवे उमेदवार येत, त्यांना तो साधा नमस्कार करी. पंधरा वर्षे लोटली तेव्हा तो पन्नाशीच्या माणसांच्या मागे लागला होता. म्हणजे तो जे मनगट धरीत होता ते माझ्याबरोबर म्हातारे होत चालले होते. हे ध्यानात आल्यावर मी त्याला काही विचारले नाही. कारकुनाला दुसऱ्याच्या दप्तरात हात घालण्याची सवय नसते, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मला भीती वाटली.

एका रविवारी सकाळी माजिवड्याची मासळीवाली गल्लीत आली आणि टोपली न उतरवताच म्हणाली, "भिकोबा, मोनीमायनं सांगितलंय, डावा मनगट आयलाय."

भिकोबा एकाच्या पायाला कामट्या बांधीत होता. त्याने गाठ पुरी मारली, हात धुतले आणि आत जाऊन अंगरखा घातला, पागोटे बांधले. माजिवड्याला तो पागोटे बांधून निघालेला मी कधी पाहिला नव्हता. "चला, अण्णा," म्हणाला. वाटेत त्याने कोणाच्या विद्येला नाव ठेवले नाही, तेव्हाच मला समजायला हवे होते.

मोनीमायच्या ओटीवर एक मजूर निजला होता. रुळांवर खडी टाकणाऱ्या टोळीतला, पन्नाशीचा, पायाच्या घोट्याला उडदाचा लेप. डावे मनगट उशाशी पडले होते आणि ते वाकडे आहे हे माझ्यासारख्यालाही लांबून दिसत होते.

"नाव मी इचारलं नाय," मोनीमाय म्हणाली. "तूच इचार."

भिकोबाने नाव विचारले नाही. तो खाली बसला, मनगट मांडीवर घेतले, डोळे मिटले. अंगठा खालून वर गेला. परत खाली आला, परत वर गेला. मोनीमायच्या हातातली माळ थांबली होती. मी ओटीच्या खांबाला धरून उभा होतो. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि मनगट होते तसे उशाशी ठेवले.

"गाठ अंगठ्याच्या अंगाला आहे," तो म्हणाला. "हे वरघाटचं काम. बसवणाऱ्यानं मन लावून बसवलंय, हाडच चुरलं होतं. हे माझं नव्हे."

"तुमचं असतं तर कसं असतं?" मी विचारले.

"वाईट."

तो मजूर घाबरून आमच्याकडे बघत होता. "काय झालं, बाबा? हात मोडलाय का?"

"मोडला होता. बसलाय."

"ते मला ठावं आहे," मजूर म्हणाला.

भिकोबा विहिरीवर पाय धुवायला गेला, तेव्हा मी मोनीमायला विचारले, हे किती दिवस चालले आहे. ती म्हणाली, "माजी सून लगीन हून आयली ना, तवापास्ना. आता तिच्या पोराचं लगीन हाय. म्हयन्याला येतो, माज्या कामाला नावं ठेवतो, नि जाताना हलूच इचारतो, कोन आयलेला काय, करंगलीच्या अंगाला गाठवाला. कल्यानच्या वस्तादाला पन सांगून ठेवलाय."

"आणि तो नावे ठेवतो त्याचे तुला काही वाटत नाही?"

"काय म्हून वाटंल?" ती म्हणाली. "मी इचारायला आयलोय, असा कसा सांगल तो?"

परतीच्या वाटेवर, मिठागरांच्या बांधाशी आल्यावर भिकोबा आपणहून बोलू लागला. त्याचा धाकटा भाऊ लक्ष्मण. माझ्याच वयाचा. भिकोबा अठरा वर्षांचा असताना बाप एका रोग्यासाठी आठ दिवस भिवंडीस गेला होता.

"सोमवारी माझं पहिलं मडकं उभं राहिलं. बाबा बघायला नव्हते, पण उभं राहिलं. बुधवारी लक्ष्मण चिंचेवरून पडला. नऊ वर्षांचा. मनगट मोडलं. आई म्हणाली, कल्याणहून तेव्हाच्या वस्तादांना बोलावू. मी म्हटलं, कशाला? मडकं येतं तर भाऊ येईल."

बांधावरचे एक ढेकूळ त्याने पायाने बाजूला सारले.

"बाबा परत आले. हात चाचपला आणि म्हणाले, तिरका बसवलास, जुळायला लागलाय, पुन्हा मोडून बसवू. लक्ष्मण माझ्याकडं बघून म्हणाला, दादा, नको. मी बाबांचे पाय धरले. दोन दिवस धरून ठेवले. त्यांनी सोडून दिलं. त्याचं चार दिवसांचं दुखणं मी वाचवलं, अण्णा."

हात जुळला, पण तळवा पुरता वर वळेना. हाड बसवणाऱ्याला खालून हात द्यावा लागतो. बापाने लक्ष्मणाला पोते दिलेच नाही. घरची विद्या भिकोबाकडे आली. लक्ष्मण सतरा वर्षांचा झाला तेव्हा आगगाडीचा रस्ता घाटाकडे खणत चालला होता, आणि त्या कामावर माणसे हवी होती.

"पालथा हात घमेलं उचलायला चालतो," भिकोबा म्हणाला. "जाताना म्हणाला, दादा, येतो. मुकादमाला विचारलं, कसाऱ्याला जाऊन आलो, खंडाळ्याला जाऊन आलो. तोंड आता कसं झालं असेल, देव जाणे. मिशा असतील. टक्कलही असेल, बाबांना होतं. पण ती गाठ माझी आहे. ती मी झोपेतही ओळखीन."

मी त्याचाच शब्द त्याला दिला. "बसेल, भिकोबा."

त्याने माझ्याकडे पाहिले. इस्पितळातून लिंपून आलेल्या हाताकडे तो पाही, तसे. मग चालता चालता त्याने माझे डावे मनगट धरले आणि सवयीप्रमाणे अंगठा वर नेला. पंधरा वर्षांत दुसऱ्यांदा.

"सरळ आहे," तो म्हणाला.

"आहे," मी म्हटले. आणि का कोण जाणे, मला त्याची लाज वाटली.

"असू द्या. तुमचा काय दोष."

त्याने मनगट सोडले नाही. टेंभी नाक्याशी पोचेपर्यंत आम्ही तसेच चाललो. कचेरीतले दोघे-तिघे समोरून आले. एका कारकुनाला हाडवैद्य हाताला धरून नेत आहे हे पाहून त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मी बरे आहे म्हणून सांगितले.

त्यानंतर तीन वर्षांनी भिकोबा वारला. मुलगा नव्हता, शिष्य टिकला नव्हता. कोपऱ्यात एक शिवलेले पोते निघाले. त्याच्या बायकोने ते उघडू दिले नाही. बाहेरून हात लावला तर आत मडके उभे होते.

मोनीमाय आता फार थकली आहे, पण तिचा निरोप अजून येतो. मासळीवाली माझ्या दाराशी उभी राहून सांगते, आणि मी अंगरखा घालून निघतो. हाडांतले मला काही कळत नाही, पण करंगळीचे अंग कुठले ते कळते. आता मनगट साठीकडे झुकलेले असायला हवे, हाही हिशेब माझ्याजवळ तयार आहे, कारण लक्ष्मण माझ्याच वयाचा आहे. कल्याणच्या वस्तादांनाही मी पत्र लिहून ठेवले आहे.

गेल्या रविवारी निरोप आला होता. भर उन्हात माजिवड्यापर्यंत चालत गेलो. ओटीवर बसलो, निजलेल्या माणसाचे वाकडे मनगट मांडीवर घेतले, डोळे मिटले.

ते उजवे होते.