डिकीत कण्हणारे बाबा

"संध्याकाळच्या आत तो डबा गाडीतून काढ, नाहीतर किल्ली इथे ठेव," असं बाबांनी धाकट्याला बजावलं होतं.

डबा म्हणजे वूफर, जाड आवाजाचा मोठा स्पीकर. धाकट्याने तो आदल्याच दिवशी बसवला होता, तोही शास्त्रशुद्ध. पुढच्या ट्वीटरना, म्हणजे बारीक आवाजाच्या स्पीकरना, एक अँप्लिफायर, डिकीतल्या वूफरला दुसरा. मध्ये क्रॉसओव्हर, जो आवाजाची वाटणी करतो : बारीक पुढे, जाड मागे. ही वाटणीची रेघ धाकट्याने जरा जास्तच वर ओढली होती, त्यामुळे बोलणाऱ्या माणसाचे दोन तुकडे होत.

डबा काढायला पाना हवा, म्हणून तो जड मनाने हार्डवेअरच्या दुकानात शिरला. गाडी चालूच, फोन सीटवर आणि येणारा फोन गाडी आपोआप उचलणार.

बाबांचाच फोन आला. काचा बंद होत्या, त्यामुळे बारीक तुकडा आतच राहिला. जाड तुकडा डिकीतून बाहेर आला : "आऽऽ! ओऽऽ! आओऽऽ!"

दुकानाचा वॉचमन पहार घेऊन धावला. "माणूस कोंडलाय! तोंडात बोळा पण कोंबलाय बिचाऱ्याच्या!"

धाकट्याने धापा टाकत डिकी उघडली. आत काळा डबा कण्हत होता.

"काका, घाबरू नका," वॉचमन डब्याला म्हणाला. "पाणी आणू?"

"अहो, हा आमच्या बाबांचा आवाज आहे!"

"मग एवढ्याशा डब्यात घातलंत कशाला त्यांना?"

धाकटा पुढे जाऊन बसला. तिथे नुसतं "स्स, च्च, ट्ट." सीटवरचा फोन कानाला लावायचं दोघांनाही सुचलं नाही. शेवटी वॉचमन मागच्या सीटच्या बरोबर मधोमध बसला आणि तिथे बाबांचे दोन्ही तुकडे जुळले.

"बाथरूममध्ये अडकलोय म्हणतायत! कडी तुटली!"

आई मावशीकडे गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. दोघे तशीच गाडी पळवत घरी पोचले. पहार हातात होतीच. वॉचमनने पहारीच्या एका हिसक्यात बाथरूमचं दार मोकळं केलं. बाबा टॉवेलवरच बाहेर आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

मग सगळी हकिगत ऐकून ते तसेच गाडीपाशी गेले आणि त्यांनी डब्यावर हात फिरवला.

"याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "या घरात आजवर माझं फक्त यानंच ऐकलं."

"बाबा, त्यानं अर्धंच ऐकलं."

"तू तेवढं तरी ऐकतोस का?"