मार्शफर्डच्या धिरडे-शर्यतीचा निकाल

कोणाची आज्ञा नसता, बागेतल्या खोपटात आतून कडी लावून, बंदा लायोनेल, एनिड सरकारांचा यजमान व चहाबरदार, कज्ज्याची हकिकत मांडितो ती येणेप्रमाणे.

मार्शफर्ड गावी ईस्टरच्या उपासांआधीच्या मंगळवारी बायका तव्यात धिरडे उडवीत चौकातून चर्चपावेतो धावतात, हा रिवाज पुरातन. पूर्वी तरुणपणी थोरल्या बेरिल सरकार आणि धाकट्या एनिड सरकार, सख्ख्या बहिणी, एकाच दमात रेषेवर पोचल्या, आणि पंच नेमका शिंकत होता, सबब त्याने दोघींत मिळून एक तवा बक्षीस दिला, आणि तेथून जे भांडण पेटले ते आजतागायत विझले नाही. तवा सहा मास थोरलीकडे, सहा मास धाकटीकडे.

मग खबर आली की, जुन्या चित्रफितींतून इतिहास सांगणाऱ्या टीव्हीवरील कार्यक्रमात तीच शर्यत दाखविणार. बेरिल सरकार लिंबाच्या केकची कुमक घेऊन आमचे घरी दाखल जाहल्या आणि रिमोट, म्हणजे राज्याची शिक्का-कट्यार, मांडीखाली दाबून बसल्या. आणि एनिड सरकारांनी टीव्हीस इतक्या जवळून मोर्चा लाविला की पिछाडीच्या फौजेस, म्हणजे बंद्यास, त्यांचा अंबाडाच दिसे. मग बंदा किटली घेऊन उभा राहिला.

या कार्यक्रमांची चाल ऐसी की, मूठभर चित्रफीत आणि पोतेभर निवेदक. ते साहेब गळपट्टा गुंडाळून आमच्या पुलावर आले, नदीकडे पाहून उसासले, मग पियानो वाजला, आणि पुन्हा उसासले. अखेर कृष्णधवल चित्रे हलू लागली. साहेब वदले की, ती माणसे साधी, कपट त्यांस ठाऊक नव्हते. आणि त्याच क्षणी थोरल्या सरकारांनी धाकट्या सरकारांच्या बरगडीत कोपर घातले, ते अवघ्या मुलुखाने पाहिले.

"बघ, लबाड!" एनिड सरकार म्हणाल्या.

"अगं, वारं होतं त्या दिवशी."

मग रेषेपाशी, गर्दीत, मातोश्री दिसल्या. एप्रनला पीठ, डोईस रुमाल, आणि लेकींची गत पाहून पोट धरून हसत होत्या. मातोश्री त्याच हिवाळ्यात वारल्या. घरी त्यांची तसबीर एकच, लग्नातली, तीत फोटोवाल्यास भिऊन काठीसारख्या ताठ. हलताना त्यांस नंतर कोणी पाहिले नव्हते.

बेरिल सरकारांनी रिमोट काढून आपण होऊन बहिणीच्या हाती दिला. "मागे घे."

मागे घेतले, आणि पुन्हा घेतले, आणि चहा निवून पाणी जाहला.

"हसताना तोंडावर हात धरायची गं," एनिड सरकार म्हणाल्या. "विसरलेच होते मी."

"मीसुद्धा," बेरिल सरकार म्हणाल्या, आणि उठून धाकटीशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असता.

रेष दर खेपेस आली, दर खेपेस दोघी मातोश्रींकडेच पाहत राहिल्या. मग पुष्कळ वेळाने निकालाचे स्मरण जाहले, आणि रिमोट हाती असता दोघी बंद्याकडे वळल्या.

"लायोनेल, तू बघितलंस ना? कोण जिंकलं?"

"मला एनिडचा अंबाडाच दिसत होता," बंद्याने अर्ज केला, आणि दोघींचा जीव भांड्यात पडला.

सबब फत्ते मातोश्रींची नोंदिली. तवा उन्हाळ्यापावेतो थोरलीकडे, पुढे आमचेकडे, वहिवाट कायम. बंद्यास याहून अधिक काही दिसले असल्यास ते येथे लिहिले नाही; खोपटाची दुसरी किल्ली एनिड सरकारांपाशी असते.