हाडांची बादली

'कुत्र्याची हाडं' असं लिहिलेली आइस्क्रीमची बादली छातीशी धरून ओरेस्ट मेल्निचुक तळघरातून वर आला. बादली त्यानं टेबलावर ठेवली, हात चोळले, झाकण उघडलं आणि किंचाळला, "अगं, यात हाडं आहेत!"

"मग काय असणार, हिरे?" त्याची बायको डार्लीन म्हणाली.

सोळा वर्षांच्या लरिसानं फोनमधून डोकं वर काढलं. "आई, बाबांना या वेळी विमान जास्तच लागलंय."

ओरेस्ट काल रात्री उशिरा कझाकस्तानहून आला होता. तेलविहिरी खणायच्या कामावर तो महिना-सव्वा महिना तिकडे असे आणि तेवढाच काळ घरी. आल्यावर पहिले दोन दिवस तो पाहुण्यासारखा वागायचा. तिसऱ्या दिवसापासून मालकासारखा वागायचा, म्हणजे कात्री इथे का, टॉवेल तिथे का. मग डार्लीन त्याच्या परतीच्या विमानाची तारीख कॅलेंडरवर बघायला लागायची. पण घरी आल्यासारखं त्याला खरं वाटायचं ते पहिल्या दिवशीच, तळघरातल्या फ्रीझरमधले आईच्या हातचे चार पेरोहे, म्हणजे बटाटा-चीज भरलेल्या छोट्या युक्रेनी करंज्या, उकळून खाल्ले की. त्याची आई नेटी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिनं भरून ठेवलेल्या बादल्यांपैकी आता एकच उरली होती आणि तीही निम्मी.

"हाडं नव्हती यात! आईचे पेरोहे होते!" ओरेस्ट म्हणाला. "कुणी खाऊ नयेत म्हणून मीच झाकणांची अदलाबदल करून गेलो होतो."

डार्लीनचा हात भांडं पुसता पुसता थांबला. कॅनडातल्या मॅनिटोबातल्या आमच्या गावात आइस्क्रीमच्या बादलीत आइस्क्रीम निघालं तर लोक देवाचे आभार मानतील. बीटचं सूप, खिळे, बटणं, पेरोहे, सगळं त्याच पांढऱ्या बादल्यांत. माणसाचा भरवसा काय तो झाकणावर.

"मला वाटलं, कुण्या वेंधळ्यानं झाकणं उलटीपालटी लावलीत," ती हळूच म्हणाली. "मी परवा नीट लावली."

"मग पेरोह्यांची बादली कुठाय?"

"सकाळी चर्चला दिली. माझेच पेरोहे समजून, माझ्या दुसऱ्या बादलीबरोबर. आज सुगीचं जेवण आहे ना!"

ओरेस्ट मोज्यांवरच बाहेर धावला. बुटांसाठी परत आला आणि पुन्हा धावला. डार्लीन मागोमाग गाडीत येऊन बसली. "अरे, मला सांगायचंस तरी! मी काय तुझ्या आईचे पेरोहे चोरून खाणार होते?"

"तू नाही गं. लरिसाच्या मैत्रिणी."

"दोन वर्षं मी त्या फ्रीझरला हात लावायचा म्हटलं की तू गुरगुरतोस. मला वाटायचं, वयोमानानं होत असेल!"

खरी भीती ओरेस्टला पुढचीच होती. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर म्हणजे टिलीमावशीचं राज्य, आणि टिली म्हणजे त्याच्या आईची जन्माची वैरीण. पेरोह्यांच्या पिठात आंबट साय घालायची की बटाटे उकडलेलं पाणी, एवढ्यावरून दोघींनी चाळीस वर्षं एकमेकींशी धड बोलणं ठेवलं नव्हतं. नेटीचे पेरोहे टिलीच्या पातेल्यात! आईला कळलं तर ती थडग्यातून उठून येईल आणि आधी ओरेस्टच्याच कानाखाली वाजवेल.

चर्चच्या तळघरात सगळं गाव जेवायला लोटलं होतं. लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. कोपऱ्यात रिकाम्या बादल्यांची चळत लागली होती आणि पेरोहे ताटलीमागून ताटली बाहेर जात होते. टिलीमावशी भलामोठा झारा घेऊन चुलीपाशी उभी होती. तिला विचारायची ओरेस्टची छाती होईना.

"आता?" डार्लीन कुजबुजली.

"मुरड बघायची. आई डावखुरी होती. तिची मुरड डावीकडे झुकते. अख्ख्या गावात तशी कुणाची नाही."

मग गावानं जे पाहिलं ते गाव अजून विसरलेलं नाही. करंजीची कड पाहावी तशी ओरेस्ट वाकून वाकून लोकांच्या ताटांतल्या पेरोह्यांची कड पाहत चालला. आधी सगळ्यांना वाटलं, परदेशातून आलेला माणूस मायेनं विचारपूस करतोय.

"कसं काय, वॉल्टर? गुडघा बरा आहे?" म्हणत त्यानं वॉल्टरचा पेरोहा काट्यानं उलटा केला.

"गुडघा इथे आहे रे, ताटात कशाला शोधतोस?"

मिसेस कोवालिशिननं ताटावर हात आडवा धरला. कुणीतरी म्हणालं, बिचाऱ्याला तिकडे उपाशी ठेवतात वाटतं. आणि फादर मिखायलो प्रार्थनेसाठी डोळे मिटून उभे असताना त्यांच्या ताटातला एक संशयास्पद पेरोहा ओरेस्टनं उचलला, उजेडात धरला, आणि तेवढ्यात फादरनी डोळे उघडले.

"ओरेस्ट," फादर शांतपणे म्हणाले, "रांग त्या बाजूला आहे, बाळा."

डार्लीन खांबामागे गेली. एकही मुरड डावीकडे झुकलेली नव्हती. सगळं गावाच्या पोटात गेलं होतं. पन्नाशीचा ओरेस्ट रिकाम्या खुर्चीवर बसला. आई गेली तेव्हाही तो कझाकस्तानातच होता. विमान मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्याकडून मिळायचं राहिलेलं सगळं त्या निम्म्या बादलीत होतं.

"ए मेल्निचुक!" डोक्यावर झाऱ्याची सावली पडली. "माझ्या जेवणाला आलेल्या लोकांची ताटं हुंगतोस? ऊठ. आत ये."

टिलीमावशीनं त्याला कोठीघरात नेलं, दार ओढलं आणि एक बशी पुढे सरकवली. तीत एकच पेरोहा होता.

"खा."

ओरेस्टनं मुरड पाहिली. उजवीकडे झुकलेली. "हा नाही, मावशी."

"तोंड दिलंय ना देवानं? खा म्हणते ना!"

त्यानं घास घेतला. बटाटा, घरचं चीज, शेपू आणि जरा जास्तच करपवलेला कांदा. आईचा कांदा नेहमी जरासा करपायचा, कारण तो परतताना ती खिडकीतून रस्ता बघत बसायची. ओरेस्टच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हा आईचाच आहे! पण मुरड..."

"मुरड माझी. दोन वर्षं खातोयस, कधी नीट बघितलीस?" टिलीमावशी म्हणाली.

ओरेस्टनं उरलेला अर्धा पेरोहा पुन्हा उजेडात धरला.

"शेवटच्या वर्षी तिच्या हाताला कंप सुटला होता. तू तिकडे विहिरी खणत होतास, तुला काय कळणार? गुरुवारी डार्लीन कामावर गेली की मी तुमच्या मागच्या दारानं नेटीकडे जायचे. सारण ती करायची, मुरड मी घालायचे. शेजारी बसून अख्खा वेळ मला शिव्या घालायची. 'टिले, उलटी घालतेस! टिले, तुला मेलीला कधी येणार?' तुला आणि गावाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं मला. म्हणायची, ओरेस्ट येईल तेव्हा बादली भरलेली दिसली पाहिजे."

"पण तुमचं तर भांडण होतं!"

"होतंच. अजून आहे. बटाट्याचं पाणी घालतं का कुणी पिठात?" टिलीमावशीनं फ्रीझर उघडून निम्मी भरलेली बादली काढली. "सकाळी झाकण उघडल्या उघडल्या ओळखलं मी. मुरड माझी आणि पीठ तिचं भिकार. लगेच बाजूला ठेवली. फक्त दोन उकळले. एक तुझ्यासाठी आणि एक मी खाल्ला. मलाही तिची आठवण येते रे, मेल्या."

म्हणजे ओरेस्टनं उलटसुलट केलेली ताटं सगळी उगाचच होती. बाहेर येऊन त्यानं फादरची माफी मागितली. फादरनी त्याला क्षमा केली, पण ताट जरा जवळ ओढून घेतलं.

पुढच्या गुरुवारी तो टिलीमावशीच्या मागच्या दारात उभा राहिला. तिनं काही न विचारता त्याच्या कमरेला एप्रन बांधला. पहिला पेरोहा फुटला, दुसरा चपटा झाला. तिसऱ्याला कशीबशी मुरड बसली. टिलीमावशीनं तो तळहातावर घेतला, चष्मा वर केला आणि तो खिडकीच्या उजेडात नेला. मुरड डावीकडे झुकलेली होती. ओरेस्टही डावखुरा होता.

"उलटी घातलीस," ती शेवटी म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"उलटी कुठे, मावशी? हीच सुलटी."

"हो रे हो. तुमच्या घरात माझं कुणी ऐकलंय कधी?" तिनं एप्रनच्या टोकानं नाक पुसलं, रिकामी बादली त्याच्यापुढे सरकवली आणि झाकणावर लिहायला पेन घेतलं. "काय लिहू? पेरोहे?"

"नको," ओरेस्ट घाईनं म्हणाला. "हाडंच लिही. आणि डार्लीनला मी आजच सांगून ठेवतो."