आठवडाभराचा मंत्री

इंटरनेटवर तो मोफत ज्ञानकोश आहे ना, ज्यात कुणीही उठून लेख लिहू शकतं, तो आज जरा स्वच्छ दिसतो तो माझ्यामुळे! फुशारकी म्हणा हवं तर. दिवसभर विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारायचे आणि घरी आलो की 'झाडूवाला' या टोपणनावाने ज्ञानकोशातले फालतू लेख काढायला लावायचे, हा माझा शिरस्ता.

त्या दिवशी एक नमुना सापडला. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा कुणी पाटबंधारे मंत्री. जेमतेम आठवडाभर खुर्चीत बसला, आणि सरकारच पडलं! लेख पाच ओळींचा, त्यातली एक मिशीवर खर्च केलेली. मी लगेच लेख वगळण्याचा प्रस्ताव ठोकला : "या गृहस्थांनी काहीही केलेलं नाही. एवढ्या वेळात आमचा गिझरसुद्धा दुरुस्त होत नाही!"

लेखकाचं उत्तर आलं. टोपणनाव 'जिज्ञासू'. "काही केलं नाही, हे आपल्याला कसं कळलं? मलाही जाणून घ्यायचं आहे."

मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सासरे आले. सासरे म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात, आणि बहुतेक गप्पच असतात. आज मात्र चेहरा लालबुंद!

"जावईबापू, जरा येता? कुणी एक गाढव माझ्या लेखाच्या मुळावर उठलंय!"

मी त्यांच्या खोलीत जाऊन संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. गाढव ओळखीचं निघालं.

"हा... हा मंत्री तुमचा कोण?" मी चाचरत विचारलं.

"कुणी नाही हो! जन्मभर याच्या नावाच्या रस्त्यावर दवाखाना चालवला, पण हा कोण, ते एकालाही ठाऊक नाही. पेशंटला विचारावं, तर त्याच्या तोंडात माझेच हात! आता कुठे शोधायला वेळ मिळालाय, तर हा उपटसुंभ आडवा आला. एक सणसणीत उत्तर लिहून द्या बघू!"

दारात बायको उभी होती. झाडूवाला कोण, हे तिला माहीत. तिने फक्त भुवया उंचावल्या. बाबांचा लेख गेला तर माझं काय होईल, ते मला कळलं.

प्रस्ताव गुपचूप मागे घ्यावा, तर तशी सोय नाही. एकदा चर्चा सुरू झाली की निकाल ज्ञानकोशाचा व्यवस्थापकच देतो. मग काय, दिलं उत्तर लिहून. आणि काय सांगू, फर्मास जमलं! झाडूवाला चारी मुंड्या चीत! आपल्या खोलीत येऊन ते पुन्हा वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. मला असं बोलतो? मी झाडूवाला म्हणून दुप्पट झणझणीत लिहिलं. लगेच पलीकडून हाक : "जावईबापू, गाढव परत आलं!"

जेवताना सासरे झाडूवाल्याची वाक्यं वाचून दाखवायचे. "किती उर्मट! आईवडिलांनी काही शिकवलं नसेल का हो?"

"नसेल," मी म्हणायचो. बायकोला ठसका लागायचा.

उत्तरांना पुरावे हवेत, म्हणून रविवारी आम्ही दोघं वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळत बसलो. नाकात धूळ, डोळ्यांत पाणी, आणि अचानक सापडलं! त्या आठवड्यात मंत्र्याने एकच हुकूम काढला होता : कालव्याचं पाणी आधी शेवटच्या गावाला सोडा, वरच्यांना नंतर. दुसऱ्याच दिवशी सरकार गडगडलं!

"म्हणजे सरकार याच्यामुळे पडलं?" मी ओरडलो. ग्रंथपालबाईंनी डोळे वटारले.

"की ते आधीच पडायला आलं होतं?" सासरे कुजबुजले. "आणि पाणी सुटलं का हो शेवटी?"

आता मलाही चैन पडेना! ऑफिसात समोर कालवेच दिसायला लागले. त्या नादात दोन दावे चक्क मंजूर झाले. सासरे तर आंघोळ करताना गुणगुणायला लागले होते. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की झाडूवाला म्हणून लिहून टाकलं : "मी चुकलो. लेख ठेवावा!"

"गाढवाचा माणूस झाला!" सासऱ्यांनी मला मिठीच मारली.

पण झाडूवाला आणि नमतं घेतो? व्यवस्थापकाला संशय आला. त्याने तपासलं, तर दोन्ही खाती एकाच घरातल्या इंटरनेटवरची, आणि भाषाही एकाच माणसाची! सकाळी निकाल लागला. सासरे मोठ्याने वाचू लागले :

"'एकाच व्यक्तीने दोन नावांनी स्वतःशी भांडण केले व स्वतःलाच पटवले. दोन्ही मते रद्द.'" ते थबकले. "एकाच घरातून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "म्हणजे ते गाढव... तुम्ही?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "बाबा, लेखाचं काय झालं ते वाचा ना!" मी घाईघाईने म्हटलं.

"'लेख ठेवण्यात येत आहे. ज्याच्यासाठी कुणी स्वतःशीच एवढे भांडते, त्या माणसात काहीतरी असणार.'"

सासऱ्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो!

"थांबा, आपल्याबद्दलही आहे," ते म्हणाले. "जिज्ञासूचं खातं महिनाभर बंद. झाडूवाल्याचं कायमचं."

"कायमचं? माझंच का?"

"'दोघांपैकी जिज्ञासू खरा वाटतो. झाडूवाला नावाची वेगळी व्यक्ती अस्तित्वात असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही.'"

सासऱ्यांनी चष्मा पुसला, मला नीट निरखलं आणि अगदी मनापासून विचारलं, "आहे का हो तुमच्याकडे काही?"

कालपासून आम्ही दोघं मिळून शोधतोय. अजून तरी काही हाती लागलेलं नाही.