एकूण नग अकरा

"रिकामी जागा म्हणजे माणसाचा आळस!" हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. काचेचे ग्लास बनवणाऱ्या कारखान्यात ते सत्तावीस वर्षं पॅकिंग खात्याचे प्रमुख होते. खोक्यात करंगळी शिरेल एवढी फट दिसली तरी त्यांचं जेवणावरून मन उडायचं. कामगार पाठीमागे त्यांना 'ठासूअण्णा' म्हणत. हे अण्णांना कळलं होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडलंही होतं!

त्यामुळे परदेशात भाड्याची गाडी घेऊन फिरायचं ठरलं, तेव्हा ती गाडी कुणी निवडायची हा प्रश्नच नव्हता.

ट्रिप मात्र वहिनींची होती, म्हणजे अण्णांच्या बायकोची. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवर समुद्राच्या कडेनं वळणं घेत जाणाऱ्या एका परदेशी रस्त्याचं चित्र होतं. वर्ष संपलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, पण ते एक पान वहिनींनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं. अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "अहो, आता मला या रस्त्यावरून न्या. आणि मला खिडकी द्या."

खिडकीची मागणी तुम्हाला किरकोळ वाटेल. पण वहिनी ना उंच ना बुटक्या, ना जाड ना बारीक. अण्णांच्या मते त्या 'कुठंही मावणाऱ्या'. लग्न होऊन सासरी आल्या त्या गाडीतसुद्धा त्या मधेच बसल्या होत्या. एका खिडकीला आत्याबाई आणि दुसऱ्या खिडकीला शिलाई मशीन! त्यानंतरच्या एकतीस वर्षांत आत्याबाई गेल्या, मशीन मोडीत गेलं, पण वहिनी काही मधून सरकल्या नाहीत.

"दिली खिडकी! शब्द आहे माझा!" अण्णा म्हणाले आणि कामाला लागले.

सोबत अण्णांच्या सासूबाई येणार होत्या, कारण त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं. आणि वहिनींचे धाकटे भाऊ येणार होते, कारण त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. हे मेहुणे शाळेत भूगोल शिकवायचे. उंची सहा फूट दोन इंच, वजन एकशे तीन किलो आणि आवाज शेवटच्या बाकाच्याही मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. म्हणजे माणसं चार आणि बॅगा सात.

भाड्याच्या गाड्या देणाऱ्या कंपनीच्या यादीत सगळ्यात वरती एक पिटुकली गाडी होती. लिटरला चोवीस किलोमीटर! अण्णांचे डोळे पाणावले. "हीच!" ते म्हणाले.

"अहो, पण आपण मावणार का हिच्यात?" वहिनी म्हणाल्या.

"मावत नाही असा माल जगात नसतो. भरणारा कच्चा असतो!"

आणि हे सिद्ध करायला रविवारी सकाळी अण्णांनी खडू घेतला, टेप घेतली आणि दिवाणखान्यातला सोफा भिंतीला सारून फरशीवर त्या गाडीचा नकाशा काढला. अगदी मापात! आत पाच खुर्च्या. गिअरच्या जागी लाटणं उभं केलं आणि हातात स्टिअरिंग म्हणून पिठाची चाळणी धरली. मग माणसं आणि बॅगा भरायला सुरुवात झाली. मेहुणे पुढे, कारण त्यांचे पाय मागे मावत नव्हते. पुढेही मावत नव्हते, पण तिथे निदान मोडता येत होते. मागे एका खिडकीला सासूबाई. डिकीत पाच बॅगा. एक मेहुण्यांच्या पायाखाली. राहिली ती मोठी हिरवी टणक बॅग.

अण्णांनी डोळे मिटून विचार केला आणि ती बॅग दुसऱ्या खिडकीला ठेवली. "कडक माल कडेला, मऊ माल मधे. हा पॅकिंगचा पहिला नियम आहे. अगं, तू मधे बस."

वहिनी खडूच्या रेघेबाहेर उभ्या राहून त्या बॅगेकडे बघत राहिल्या. "बॅगेला काय बघायचंय हो बाहेर?"

"बघायचा प्रश्न नाही. मधे ठेवली तर कोपरा आईंच्या बरगडीत लागेल."

"आणि माझ्या बरगडीचं काय?"

"तुझ्या बरगडीला सवय आहे."

वहिनी मधे बसल्या. रेघेच्या गाडीत भांडून काय उपयोग, असं त्यांना वाटलं असावं. अण्णांनी तोंडानं गाडी सुरू केली आणि पूर्ण चाळीस मिनिटं चालवली. पहिल्या दहा मिनिटांत मेहुण्यांच्या पायाला गोळा आला. विसाव्या मिनिटाला सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, वळणं जरा हळू घ्या, मला मळमळतंय!" तेवढ्यात शेजारचे इलेक्ट्रिशियन शिडी मागायला आले. चार मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बघून ते दारातच थबकले आणि घाबरून आणखी एक पाऊल आत आले.

"अहो, मधे येऊ नका! गाडी चालू आहे!" अण्णा ओरडले.

ते गृहस्थ शिडी न घेताच गेले. सोसायटीत दुपारपर्यंत काय काय पसरलं, ते जाऊ द्या.

संध्याकाळी अण्णांनी कंपनीचा फॉर्म भरायला घेतला. अण्णांना इंग्रजी येत होतं, पण कारखान्यातल्या खोक्यांवर छापलेलं असतं तेवढंच. नाजूक, उलटं ठेवू नये, आदळू नये, इथपर्यंत ते एखाद्या साहेबासारखं बोलत! फॉर्मवर विचारलं होतं, एकूण किती? पॅकिंगवाला माणूस दुसरं काय लिहिणार? जे खोक्यात जातं ते सगळं नग. अण्णांनी ठणठणीत आकडा टाकला: अकरा. खाली तपशिलाचा रकाना होता. तिथे त्यांनी आयुष्यभराची विद्या ओतली. नगाचा क्रमांक, वजन आणि शेरा!

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. "आपल्या गरजेनुसार योग्य गाडी राखून ठेवली आहे. भाडं इथे आल्यावर द्यावं." उत्तराची पानं दोन होती. कागद वाचावा म्हणून अण्णांनी पहिलंच पान छापलं आणि तेवढंच वाचलं. काटकसर म्हणजे काटकसर!

परदेशात विमानतळाबाहेरच्या काउंटरवर एक हसतमुख मुलगी होती. तिनं कागद बघितला, समोरच्या चौघांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे बघितलं. मेहुण्यांनी तिचं म्हणणं मराठीत सांगितलं, "भावजी, ती विचारतेय, बाकीचे सात जण कुठे आहेत?"

"कोण सात?"

"तेच तर ती विचारतेय."

हे लोक घाबरलेले दिसतात, असं वाटून त्या मुलीनं मदत म्हणून माईकवरून घोषणाच केली, "हरवलेल्या सात प्रवाशांनी कृपया काउंटरजवळ यावं!" कुणी आलं नाही. तेव्हा तिनं कागद पुन्हा वाचला आणि तिचं हसू मावळलं. नग नऊ, वजन बारा किलो. नग दहा, वजन अकरा. नग अकरा, वजन नऊ. एवढ्या वजनाची माणसं म्हणजे लेकरंच! कंपनीनं त्यांच्यासाठी गाडीत लहान मुलांच्या तीन सीटसुद्धा बसवून ठेवल्या होत्या. पण नग अकराच्या पुढे शेरा होता, 'डिकीत टाकणे. वर दुसरा नग ठेवला तरी हरकत नाही.'

तिनं फोन उचलला. तिसऱ्या मिनिटाला गणवेशातल्या एक धिप्पाड बाई येऊन अण्णांसमोर उभ्या राहिल्या.

"त्या विचारताहेत," मेहुणे घाम पुसत म्हणाले, "की डिकीत टाकायचं ते नऊ किलोचं मूल कुठे आहे?"

अण्णांनी औषधांची बॅग दाखवली. बाईंनी ती स्वतः उघडली. आत काढ्याची बाटली, गुडघ्याचं तेल आणि सासूबाईंची कवळी ठेवायची डबी. बाईंचा चेहरा जरा सैल झाला, पण त्यांनी कागद मेहुण्यांच्या हातात दिला. सगळी यादी वाचून समजावून सांगा म्हणाल्या.

आणि मेहुण्यांच्या हातात कागद आला की समोर वर्ग बसलाय असंच त्यांना वाटायचं! त्यांनी घसा साफ केला आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात आधी इंग्रजीत, मग मराठीत सुरुवात केली. "नग एक. चालक. हलवू नये, आदळू नये! नग दोन. लांबट माल. घडी करून..." इथे ते थांबले. "भावजी, हा मी?"

"पुढे वाचा हो!"

"नग तीन. नाजूक. वरची बाजू वरच ठेवावी!"

"बरोबर लिहिलंय हो जावईबापूंनी," सासूबाई खूश होऊन म्हणाल्या.

"नग चार," मेहुणे वाचत होते. एकदा सुरू झाले की ते थांबत नसत. "भराव. मोकळी जागा भरण्यासाठी. दाबलं तरी चालतं!"

वहिनी अण्णांकडे बघत होत्या. अण्णा बुटांकडे बघत होते. पॅकिंग खात्यात 'भराव' म्हणजे खोक्यात काचांच्या मधे कोंबतात तो भुसा आणि कागदाचे बोळे, हे घरात फक्त दोघांनाच ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं डबा देताना त्याच्याच गोष्टी वहिनींनी ऐकल्या होत्या. अण्णांना पहिल्यांदाच वाटलं, आपण काय लिहून बसलो हे! आणि लाजेनं त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गणवेशातल्या बाई पुढे आल्या आणि हळू आवाजात वहिनींना काहीतरी म्हणाल्या.

"ताई, त्या विचारताहेत," मेहुणे आता कुजबुजत होते, म्हणजे फक्त अर्ध्या विमानतळाला ऐकू जात होतं, "नग चार तुम्हीच का? तुम्ही या माणसाबरोबर स्वतःच्या मर्जीनं जाताय ना?"

वहिनींनी नुसती मान आडवी हलवली असती तर अण्णांचा मुक्काम कुठे पडला असता, सांगता येत नाही! पण वहिनींना घाई नव्हती. त्यांनी पर्स उघडली, रुमाल काढला, चष्मा पुसला, रुमालाची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली.

"जातेय," त्या म्हणाल्या. "पण खिडकीत बसून. विचार त्यांना, इथे तसा कागद करून मिळतो का?"

बाई हसल्या. कागद नाही मिळाला, पण त्यांनी अण्णांकडे बोट करून जे काही सांगितलं, त्याचं भाषांतर कुणालाच लागलं नाही.

पिटुकल्या गाड्यांतली शेवटची सकाळीच कुणीतरी नेली होती. "चौघांचं कुटुंब होतं," काउंटरवरची मुलगी म्हणाली. अण्णांनी कपाळ बडवून घेतलं. त्यांच्यासाठी बाहेर उभी होती बारा सीटची पांढरी गाडी. क्रिकेटची अख्खी टीम बसवून अंपायरलाही सोडता येईल एवढी! लिटरला आठ किलोमीटर. भाड्याचा आकडा ऐकून अण्णा दोन ग्लास पाणी प्यायले.

आणि मग खरी गंमत झाली. एवढी प्रशस्त गाडी, पण मेहुणे सवयीनं पुढे जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसले. सासूबाई दुसऱ्या रांगेत काचेला चिकटल्या आणि अंग चोरून घेतलं. हिरवी बॅग, औषधांची बॅग आणि नग दहा लहान मुलांच्या सीटवर पट्टे बांधून ऐटीत बसल्या. वहिनी मात्र सगळ्यांना ओलांडत थेट शेवटच्या रांगेत गेल्या. तिथे चार सीट आणि दोन खिडक्या होत्या.

"अगं, एवढ्या लांब?" अण्णा आरशात बघून म्हणाले. "पुढे ये ना, इथेही खिडकी आहे!"

"असू दे. मी कुठंही मावते!"

समुद्र आला तशा वहिनी उजव्या खिडकीला गेल्या, डोंगर आला तशा डाव्या. कॅलेंडरवरचं ते वळण आलं तेव्हा त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या. काय ओरडल्या ते अण्णांना ऐकू आलं नाही. मधे अख्ख्या दोन रांगा होत्या! सहा दिवस अण्णा बायकोशी जे काही बोलले ते ओरडूनच. तिसऱ्या दिवसापासून ते वळणावर गाडी आपणहून हळू करायला लागले. पेट्रोल जळत होतं, तरी!

परत आल्यावर आपल्या विमानतळावर टॅक्सीच्या रांगेत उभे राहिले. नंबर लागला आणि समोर येऊन उभी राहिली ती तीच पिटुकली गाडी! लिटरला चोवीसवाली! अण्णांचा चेहरा उजळला. ते बाह्या सरसावून पुढे होणार, तोच वहिनींनी पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरशेजारी खिडकीत बसल्या आणि पट्टा लावला.

मागे एका खिडकीला सासूबाई, दुसऱ्या खिडकीला मेहुणे. मधे वीतभर जागा उरली होती. अण्णांनी खाली वाकून तिचा अंदाज घेतला. धंद्याचा अनुभव सांगत होता की इथे माणूस मावणार नाही. तरी ते शिरले. एक गुडघा हनुवटीला लागला, दुसरा कुठे गेला ते कळेना. वरून ड्रायव्हरनं डिकीत न बसलेली हिरवी बॅग त्यांच्या मांडीवर ठेवली.

"काकू, दार लागत नाहीये," ड्रायव्हर म्हणाला. "साहेबांना जरा दाबू का?"

वहिनींनी मागे वळूनही बघितलं नाही. काच खाली करत त्या म्हणाल्या, "दाबा की! भराव आहे, दाबलं तरी चालतं!"