नाव फिरमाँचं, अल्बम लाँबेरचा

"शनिवारी क्राहेसाहेबांचं चित्र माझ्या अल्बमात आलंच समजा!" लाँबेरने आठवडाभर साऱ्या नाम्यूर गावाला बजावून ठेवलं होतं.

म्हातारे चित्रकार क्राहे गावातल्या पुस्तकाच्या दुकानात येणार होते, आणि यानंतर असं चित्र काढून द्यायला कुठेच जाणार नव्हते. त्यांची रीत सगळ्यांना ठाऊक होती. माणशी एकच अल्बम, पहिल्या कोऱ्या पानावर चित्र, आणि खाली आणणाऱ्याचं नाव. नाव पडलं की कुणी तो विकायला काढत नाही. लाँबेरला विकायचं कुठे होतं! क्राहेंनीच काढलेल्या, निळ्या मफलरवाल्या वैमानिकाच्या छोट्या चित्रकथांचं ते पुस्तक, तो अल्बम, पहिल्या छपाईचा, म्हणजे त्याचा जीव की प्राण. "मोठ्या गोष्टीत नायक चाळीस पानं नुसता धावतो! इथे सहा पानांत विमान पडतं, चोर सापडतो, वर कॉफीही पिऊन होते!" हे त्याने बायकोला, म्हणजे सोलांजला, इतक्यांदा ऐकवलं होतं की ती झोपेतसुद्धा "हो, हो" म्हणायची.

घडीची खुर्ची आणि भलामोठा थर्मास घेऊन तो दुकान उघडायच्या आधी पोचला. तरी पुढे ही भलीथोरली रांग! क्राहे प्रत्येकाला निवांत चित्र काढून देत होते. लाँबेर कॉफी पीत राहिला. आणि पुढे जेमतेम पाच-सहा माणसं उरली असताना ती सगळी कॉफी एकदम हाका मारायला लागली.

तेवढ्यात सोलांजने पाठवलेली सँडविचं घेऊन तिचा धाकटा भाऊ फिरमाँ आला. या माणसाच्या डोक्यात शर्यतीची कबुतरं, बाकी सगळी सामसूम. पण दुसरं होतं कोण?

"हा अल्बम धर. रांग सोडू नकोस. मी हा आलो!"

कोपऱ्यावरच्या कॅफेचा मालक दारातच आडवा आला. "संडास फक्त गिऱ्हाइकांना."

लाँबेरने बिअर मागवली, घटाघट संपवली, आत जाऊन आला आणि धावत सुटला. अर्ध्या वाटेत बिअरने हाक मारली. परत कॅफे!

"संडास फक्त..."

"माहितीये हो! आणा अजून एक!"

"या या," मालक खूश झाला, "आता तुम्ही आमचे नेहमीचेच!"

तो परतला तेव्हा फिरमाँ दुकानाच्या दारात उभा होता, चेहरा नुसता उजळलेला. "दाजी, काय देवमाणूस हो! त्यांच्याकडेपण कबुतरं आहेत!"

लाँबेरने पान उघडलं. अख्ख्या पानभर रंगीत वैमानिक, आणि त्याच्या खांद्यावर झोकात बसलेलं कबुतर! दिवसभरात असं चित्र कुणालाच मिळालं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'माझा कबुतरमित्र फिरमाँ याला, सप्रेम.'

"अरे गाढवा, माझं नाव सांगायचं!"

"त्यांनी मला माझं नाव विचारलं. एवढ्या मोठ्या माणसाशी खोटं बोलू?"

लाँबेर तसाच टेबलाकडे धावला. "साहेब, एवढं नाव खोडून द्या!"

क्राहेंनी चष्म्यावरून पाहिलं. "इतक्या भल्या माणसाचं? मुळीच नाही."

"ओ काका, रांगेत या!" मागून ओरडा झाला.

तो बाहेर आला, तर फिरमाँने त्याच्या हातातला अल्बम काढून काखेत मारला. "नाव माझं, चित्र माझं. पुठ्ठा तेवढा तुमचा, दाजी. हवा तर सोडवून देतो!"

रविवारी सासूबाईंकडे सशाचं मटण आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी खाता खाता निकाल लागला. "ज्याचं नाव त्याचं पुस्तक," सासूबाई म्हणाल्या आणि वाढत राहिल्या. लाँबेरने ताट बाजूला सारलं. त्याला खरंच रडू येत होतं.

एवढ्यात त्याचं लक्ष सोलांजच्या पोटाकडे गेलं. आठवा महिना! मुलाला भावाचं नाव ठेवायचं म्हणून ती कधीची मागे लागली होती, आणि "त्या नावाला खुराड्याचा वास येतो," म्हणून लाँबेर ते उडवून लावत होता. तो ताडकन उठला, ग्लास उंचावला. "मुलगा झाला, तर नाव फिरमाँ!"

सोलांज रडली. सासूबाईंनी त्याचे दोन्ही गाल चुंबले. फिरमाँ तर हुंदके द्यायला लागला. "दाजी, मी तुम्हाला किती कोत्या मनाचं समजत होतो! हा घ्या अल्बम. माझ्या भाच्याचा!"

मुलगाच झाला. लाँबेर प्रसूतिगृहात असा नाचला की नर्सबाईंचे डोळे पाणावले, किती हौशी बाप म्हणून.

अल्बम काचेच्या कपाटात बसला. छोट्या फिरमाँने तो हात पाठीमागे बांधून बघायचा, असा घरचा नियम. पोरगा शाळेत जायला लागला तरी नियम तोच. आणि एका संध्याकाळी लाँबेर कामावरून आला तर कपाट रिकामं!

"माझा अल्बम!"

"वर्गातल्या बास्तियाँशी अदलाबदल केली," पोराने बुटांचा खोका पुढे केला. खोक्यात एक गलेलठ्ठ हॅमस्टर घोरत पडला होता.

"उंदराशी? माझा अल्बम उंदराशी?"

"पण पप्पा, त्यावर माझं नाव होतं ना? मामा म्हणाला, ज्याचं नाव त्याचं पुस्तक."

लाँबेरने सोलांजकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "बरोबरच बोलतोय की. भर पंक्तीत तूच ठरवलंस."

लाँबेर मटकन खुर्चीत बसला. पोराला दया आली. त्याने खोका बापाच्या मांडीवर ठेवला. "रडू नका ना पप्पा. याला मी तुमचं नाव दिलंय. हापण दिवसभर आपलं सामान सांभाळत बसतो, आणि कुणाला हात लावू देत नाही."