बारा अंड्यांची चौकशी

कोंबडीची वकिली करावी, असा विचार माझ्यासारख्या सोवळ्यातल्या माणसाच्या मनात यावा, ही परमेश्वराचीच लीला म्हटली पाहिजे. अमरावतीस आमच्या परसापलीकडे गोदाबाई राहते. तिच्या गाईच्या दुधावर आमच्या देवांचे स्नान आणि माझा चहा (याच क्रमाने, असे मी लोकांना सांगतो) चालतो. पौषात तिने सरकारी शेतीखात्याकडून उत्तम जातीची बारा अंडी आणून आपल्या तांबड्या कोंबडीखाली ठेवली. लेक जमुना फाल्गुनात सासरी जायची होती. तिच्यासोबत पिल्ले द्यायची होती. तीन आठवडे झाले, वर चार दिवस गेले, तरी एक पिल्लू निघाले नाही.

"कोंबडीच करंटी हाय," गोदाबाई म्हणाली. "शुक्रवारी बाजारात नेतो तिले."

बाजारात नेलेली कोंबडी पुढे कुठे जाते, हे मलाही ठाऊक होते. सारी वासना सोडून टोपलीत बसलेला तो जीव मी रोज पाहिला होता. एवढी एकाग्रता मला जन्मभर जपात साधली नाही. तेव्हा दोष कोंबडीचा की अंड्यांचा, याची आधी चौकशी व्हावी, असा मी आग्रह धरला आणि गुरांचे डॉक्टर खुशालराव यांना स्वतः जाऊन घेऊन आलो.

डॉक्टर परात घेऊन गोदाबाईच्या अंगणात बसले. टिपण करण्यास कोणीतरी हवे होते. मी कुंपणाच्या अलीकडे पाटावर, नाकाला उपरणे लावून, दौत-टाक सांभाळीत बसलो. पहिली दोन अंडी फोडली, तो आत नुसता बलक. कोंबड्याचा संबंधच आला नव्हता. (हा शब्द मी टिपणातून गाळला.) उरलेल्या दहांत मात्र इवलेसे जीव आकाराला येऊन, डोळ्यांचे ठिपके उमटून, एकाच सुमारास थांबले होते. तिथे मी 'अंडी' हा शब्द खोडून 'जीव' लिहिला.

खुशालराव म्हणाले, अंड्यांची ऊब रोज मोडत होती, आणि तीही बराच वेळ. कोंबडी दाणे टिपायला उठली तरी लगेच परतते. मग हिला बाहेर अडकवून कोण ठेवीत होते? गोदाबाई तर सकाळी दूध घालायला गेलेली असे. मी टाक पुसू लागलो.

"महाराज," गोदाबाई हळूच म्हणाली, "तुमी तर तिले बोलावत नव्हते ना?"

बोलावीत होतो. पूजा आटोपली की त्या तपस्विनीला मी कुंपणाशी नैवेद्याचा भात घालीत असे. आणि तिने मध्येच उठून जाऊ नये, चार शब्द कानी पडावेत, म्हणून एकेका अभंगाला दोन-दोन शिते. अभंग पंचवीस. पौषातल्या थंडीत चांगला तास-सव्वा तास.

"लिहा," खुशालराव म्हणाले.

कारणाच्या रकान्यात मी माझ्याच हाताने माझे नाव, आडनावासह, लिहिले.

गोदाबाईने पदर तोंडाला लावला. रडू आवरायला की हसू, ते मला कळले नाही. मग म्हणाली, "म्हंजे कोंबडी चांगली हाय." बाजार टळला, आणि शेतीखात्याकडून पुन्हा बारा अंडी आणायचे ठरले. दुसऱ्या दिवशी दूधही नेहमीसारखेच दाट आले. एवढी क्षमा मी पोथीत वाचली होती. कुंपणापलीकडून येताना प्रथमच पाहिली.

त्याच आठवड्यात अकोल्याहून महादेवराव वकिलांचे पत्र आले. ते आमच्या मंडळींचे (म्हणजे सौभाग्यवतींचे) मावसभाऊ. मी येऊन एकवीस दिवस प्रवचन करावे, अशी त्यांची विनंती होती. आजवर तिसऱ्या दिवसापुढे मला कोणी ठेवून घेतले नव्हते. अपराधामागून देवाने असा मान द्यावा, याने माझे डोळे भरून आले. गोदाबाईने माझी वळकटी स्वतः टांग्यात ठेवली, तेव्हा तर मी तिला दोन्ही हात जोडले.

एकविसाव्या दिवशी मंडळींचे कार्ड आले : "अकरा पिल्ले निघाली. जमुनेची काळजी मिटली. गोदाबाई म्हणते, आता महाराजांना येऊ द्या. दादाने माझ्या शब्दाखातर इतके दिवस तुमचे प्रवचन ऐकले. निघताना त्याचे आभार मानण्यास विसरू नये."

मी मनापासून आभार मानले. महादेवरावांनी ते ऐकता ऐकताच टांगेवाल्याला हाक मारली.